आळीतलं जुनं घर लोकांना दाखवायचं, तर...

ठाण्यात वारसा फेरी काढायची म्हटली की मंडळी बॅनरपासून सुरुवात करतात. बॅनर, टोप्या, प्रमुख पाहुणे, नारळ. ते सगळं शेवटच्या आठवड्यातही उरकतं. अडतं ते घराच्या दाराशी. मसुंदा तलाव, कोपिनेश्वर, टेंभी नाक्यावरचं १८७९ सालचं सिनेगॉग हे बाहेरून बघायला लोकांना तुमची गरज नाही. खारकर आळी, महागिरी किंवा चेंदणीतल्या एखाद्या कौलारू घराच्या ओटीवर बसून त्या घराची हकिकत ऐकायला मिळणार असेल, तरच कार्यक्रम करा.

१. तारीख. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली ती १६ एप्रिलला, म्हणून सगळ्यांना एप्रिलच सुचतो. अकरा वाजता कौलांखाली म्हाताऱ्या माणसांना बसवून बघा, मग कळेल. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबरला असतो, तो धरा. पावसाळा नको, आणि नवरात्रात टेंभी नाक्याकडे फिरकूसुद्धा नका.

२. घर. एकच निवडा, माणसं राहत असलेलं.

३. घरच्यांचा होकार. मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच, आणि ‘मालकांची परवानगी घ्या’ असं एका ओळीत सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. कुठले मालक? घर बहुधा सामाईक असतं. एक हिस्सेदार डोंबिवलीत, एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि मागच्या खोल्यांत पागडीचे भाडेकरू. प्रत्येकाची भीती वेगळी. मालकाला वाटतं, घर वारसा यादीत गेलं तर पुनर्विकास लटकला. भाडेकरूला वाटतं, घर ‘दाखवायला’ काढलंय म्हणजे गिऱ्हाईक आलंय. चुलतभावाला वाटतं, हा एकटाच मालक म्हणून मिरवतोय. यातली एकही भीती हसण्यावारी नेऊ नका.

पहिल्यांदा जाल तेव्हा कॅमेरा नको, लेटरहेड नको, आणि नगरसेवक तर नकोच. तो दारात दिसला की सगळ्यांना वाटतं, वर कुठेतरी ठरलंय. दुपारी चारनंतर जा, चहा घ्या आणि घरातल्या थोरल्या बाईंशी बोला. स्वयंपाकघर आणि देवघर त्यांच्या हातात असतं. त्यांना पटलं नसेल तर मालकाचा होकार ओटीच्या पायरीपर्यंतच चालतो. एका घरी काकांनी उत्साहाने लगेच तारीख देऊन टाकली. काकू माजघरात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आणि मामंजींचं श्राद्ध कुठे करू त्या दिवशी, तेही विचारा त्यांना.” तिथी नेमकी तीच होती.

मग एक पान मराठीत लिहा. कुठल्या खोल्या उघडणार (ओटी, पडवी, माजघर; देवघर मात्र घरच्यांनी आपणहून म्हटलं तरच), किती वाजेपर्यंत, एका वेळी किती माणसं, आत फोटो नाहीत. आणि ठळक अक्षरांत: या कार्यक्रमाचा मालकी, भाडेहक्क, पुनर्विकास किंवा वारसा यादी यांच्याशी काहीही संबंध नाही. खाली तुम्ही सही करा. त्यांची सही मागू नका. मागितलीत की वकील आलाच. हेच पान भाडेकरूंना द्या, परगावच्या हिस्सेदारांना व्हॉट्सॲपवर पाठवा. फलकावर आडनाव घालून ‘अमुक वाडा’ लिहू नका, ‘खारकर आळीतलं जुनं घर’ पुरे. फलकावरच्या एका आडनावापायी भाऊबंदकी पेटते. एवढं करूनही कुणी ठाम नाही म्हणालं, तर आग्रह न करता दुसरं घर बघा.

४. इतिहास. कौलावरच्या ठशात १८६५ दिसलं म्हणून घर १८६५ चं ठरत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. ‘पेशवेकालीन’ हा शब्दही जपून. ठाणं १७३७ ला मराठ्यांकडे आलं आणि १७७४ अखेरीस इंग्रजांनी घेतलं. त्या सदतीस वर्षांतलं घर म्हणत असाल तर कागद दाखवा. मालमत्ता पत्रक, घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर एवढं तरी चाळा. साल नाही मिळालं तर ‘आजोबांच्या आधीपासूनचं’ म्हणा, ते खरं असतं.

५. त्या सकाळी. माळा बंद. जिन्याशी एक माणूस उभा करा. चपलांसाठी गल्लीत ताडपत्री अंथरा, नाहीतर ओटीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. बोलायचं घरच्यांनी, तुम्ही वेळ सांभाळायची. “विकणार का?” हा प्रश्न विचारायचा नाही, असं आत सोडण्याआधीच बजावा.

६. नंतर. झाडून-पुसून द्या. बहुतेक घरी त्याच संध्याकाळी भिंतीच्या ओलीचा विषय निघतो आणि आलेल्यांपैकी कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवून गेलेला असतो. तो आधी थोपवा. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर निघून जाते. वर सिमेंट चढलं की ती आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचं काम येणारा गवंडी गाठून द्या, आणि त्याआधी वरची फुटकी कौलं बदलायला सांगा.