वितीत मावणारं यान : ठोकळे हातात घेण्याआधीची तयारी

लेगोच्या ठोकळ्यांचं छोटं अंतराळयान जोडायचं असेल, तर आधी प्रमाण ठरवा, ठोकळे नंतर काढा. लेगोची साधी प्लेट, म्हणजे पातळ चपटा ठोकळा, ३.२ मिलिमीटर जाड असते. यानाचा एक मजला साधारण तीन मीटर उंच धरला, तर एका प्लेटेला एक मजला हा हिशेब जवळपास १:१००० या प्रमाणात बसतो. स्टड, म्हणजे वरचे गोल उंचवटे, एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. त्यामुळे १६ स्टडांचं यान हातात १२८ मिलिमीटर भरतं आणि कल्पनेतल्या अंतराळात १२८ मीटर. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. दोन स्टड रुंदीची काच बसवलीत, तर तेवढी एक खिडकी १६ मीटरची झाली आणि एवढं मोठं मालवाहू जहाज क्षणात चिमुकलं विमान दिसू लागलं. मोठ्या पारदर्शक तुकड्याचा मोह लहान यानाला सगळ्यांत जास्त मारतो, असं माझं ठाम मत आहे. नियंत्रण कक्षासाठी एका स्टडाचा उतरता तुकडा, ज्याला सगळे चीज स्लोप म्हणतात, तो पुरतो.

मग एक गणित पाठ करून घ्या: पाच प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर, आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणूनच प्लेटा कडेवर उभ्या करून यानाच्या कुशीला लावल्या तरी माप जुळतं, फट राहत नाही. त्यासाठी कुशीवर स्टड असलेले हेडलाइट ब्रिक आणि ब्रॅकेट हाताशी हवेत. जंपर प्लेटा, म्हणजे मधोमध एकच स्टड असलेल्या प्लेटा, त्याही मूठभर काढा. त्या पुढचा भाग अर्ध्या स्टडाने सरकवतात, त्यामुळे चार स्टड रुंद धडावर तीन स्टडांचं नाक नेमकं मधोमध बसतं.

आता खरी मजा, बारीक तुकड्यांचा डबा. इथे वेळ काढा. लेगोच्या माणसांच्या हातातली दुर्बीण उलटी लावली की जोड इंजिनांची नळकांडी होतात, पाण्याचा नळ तोफ होतो, जाळीची टाइल (टाइल म्हणजे वर स्टड नसलेली प्लेट) उष्णता बाहेर टाकणारी झडप होते. गोल एकस्टडी प्लेट पारदर्शक निळी किंवा नारिंगी घ्या, इंजिन पेटलेलं दिसतं. दांड्या आणि त्यांना पकडणाऱ्या क्लिपा वेगळ्या खणात ठेवा, कारण तिरके पंख त्यांच्यावरच उभे राहतात. पण हे सगळं यानभर पसरू नका. दोन-तीन जागी गर्दी आणि बाकी अंग गुळगुळीत टाइलांचं, तरच ते प्रचंड वाटतं. सपाट जागा नजरेला मोजमाप देते.

रंग दोनच, फार तर तिसरा पट्ट्यापुरता. लेगोच्या १९७८ च्या अंतराळ संचांच्या मालिकेतली निळी-करडी यानं, पिवळ्या पारदर्शक काचांची, आजही लगेच ओळखू येतात ती याच शिस्तीमुळे. करडा वापरणार असाल तर तुकडे दिवसाच्या उजेडात निवडा. २००४ च्या सुमारास लेगोने करड्या रंगाची छटा बदलून निळसर केली. जुने-नवे मिसळले की अंगावर डाग पडल्यासारखे दिसतात. जुने ठोकळे कुणाकडून मिळाले असतील तर आदल्या दिवशीच साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि सावलीत वाळवा.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, म्हणजे निसटलेला तुकडा उडून कपाटाखाली जाणार नाही. चिमटा आणि ठोकळे सोडवायची पट्टी जवळ असू द्या, दात वापरू नका. संगणकावर आधी रचून पाहायचं असेल तर स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, मात्र पडद्यावर वजन कळत नाही.

म्हणून शेवटचं काम कण्याचं. लांब प्लेटांचे दोन थर सांधे बदलून जोडा आणि तो कणा टोकाला धरून हलवून पाहा. तो वाकत नसेल तरच त्यावर पंख चढवायला घ्या. खालच्या बाजूला, यान उभं ठेवायच्या पारदर्शक दांडीसाठी एक जागा आत्ताच मोकळी सोडा, नंतर तिथे हात पोचत नाही.