फोटोकॅटॅलिस्टमध्ये मुद्दाम दोष पाडताय? या चुका टाळा

फोटोकॅटॅलिस्ट म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणारा, उदाहरणार्थ पाण्यातून हायड्रोजन काढणारा, पदार्थ. टायटॅनियम डायऑक्साइड हा त्यातलाच एक. त्याची पांढरीशुभ्र पावडर हायड्रोजनच्या प्रवाहात तापवली की भट्टीतून करडी-निळसर होऊन बाहेर येते. स्फटिकाच्या जाळीतले काही ऑक्सिजन अणू निघून गेलेले असतात, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. हाच तो दोष. रंग दिसला की आपण खूश होतो आणि पहिली चूक तिथेच होते.

रंग म्हणजे प्रकाश शोषला जातोय, एवढंच. शोषलेला प्रकाश कामाला लागलाच असं नाही. ॲनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे त्याला फक्त अतिनील किरण चालतात आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणून दृश्य प्रकाशाचा मोह पडतो. पण दोषामुळे तयार झालेल्या ऊर्जेच्या पातळीवर अडकलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोचलाच नाही, तर त्या रंगाचं लोणचं घालायचं? दिव्यापुढे अतिनील किरण अडवणारा 420 नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर लावा. हायड्रोजन यायचा बंद झाला, तर वाढलेला हायड्रोजन अतिनील किरणांचाच होता. 2011 सालच्या गाजलेल्या काळ्या टायटॅनियाची (काळ्या टायटॅनियम डायऑक्साइडची) पावडर 20 बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये 200 अंशांवर पाच दिवस ठेवली होती, हे सगळे सांगतात. हायड्रोजन मोजताना काम सोपं करणारं मिथेनॉल पाण्यात आणि प्लॅटिनम पावडरीवर होतं, हे मात्र सोयीने विसरतात.

दुसरी चूक हावरटपणाची: तापमान वाढवत नेणं. पृष्ठभागावरची रिकामी जागा पाण्याच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला धरून ठेवते, त्याला इलेक्ट्रॉन देते. तीच जागा कणाच्या पोटात असली, की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे राहणारी धनभारित पोकळी) तिथेच एकमेकांना गाठून संपतात. म्हणून एकच नमुना करू नका. कमी-जास्त तापमानाची, वेळेची मालिका करा. वाढून पुन्हा घसरणारा आलेख मिळणं चांगलं लक्षण आहे. आणि दोष नेहमी हवेसेच असतात असंही नाही. 2020 मध्ये स्ट्रॉन्शियम टायटॅनेटने 350 ते 360 नॅनोमीटरला 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचं प्रमाण) गाठली, ती ॲल्युमिनियम घालून त्रिसंयुजी टायटॅनियमचे दोष कमी केल्यावर. को-कॅटॅलिस्टही (क्रियेला मदत करणारे जोड-पदार्थ) स्फटिकाच्या नेमक्या हव्या त्या पैलूंवर बसवले होते.

आता माझी सर्वांत नावडती चूक. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजायची चाचणी) ऑक्सिजनच्या शिखराला 531-532 इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी खांदा दिसला, की लगेच ‘रिकाम्या जागा’ असं लेबल लागतं. अहो, जिथे अणूच नाही तिथून इलेक्ट्रॉन कुठून निघणार? तो खांदा बहुतेकदा हायड्रॉक्सिल गट आणि चिकटलेल्या पाण्याचा असतो. मीही एकदा असं लेबल लावून मोकळा झालो होतो. नुसत्या दमट हवेत राहिलेल्या मूळ पावडरीतही तोच खांदा निघाला. ईपीआर (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन हुडकणारी चाचणी) करा, जी-मूल्य 2.003 च्या आसपास असलेला संकेत शोधा. मात्र उरलेला कार्बनही साधारण तिथेच संकेत देतो, हे लक्षात असू द्या.

तुलनेसाठीच्या नियंत्रण नमुन्यात तर सर्रास टाळाटाळ होते. दोष पाडायला सोडियम बोरोहायड्राइड हे रसायन वापरलं असेल, तर सोडियम-बोरॉन मागे राहतात. तापवल्याने पृष्ठफळही बदलतं. सोपा उपाय: दोष पाडलेली पावडर पुन्हा हवेत तापवून त्या जागा भरा. काम मूळ पातळीवर आलं आणि पृष्ठफळ तेवढंच राहिलं, तर श्रेय दोषाला द्यायला हरकत नाही.

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करत असाल, तर आधी त्याऐवजी आर्गॉन सोडून दिवा लावा. तरीही कार्बन मोनॉक्साइड आला, तर तो पावडरीवरच्या सेंद्रिय घाणीतून येतोय. जड कार्बन-13 वाला कार्बन डायऑक्साइड वापरल्यावर मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानाच्या नोंदीत) कार्बन मोनॉक्साइड 29 वर दिसायला हवा; 28 वर तर हवेतला नायट्रोजनही बसलेला असतो.

शुद्ध पाण्यातून हायड्रोजन येतोय, पण त्याच्या निम्मा ऑक्सिजन मिळत नाही? मग होल कुठेतरी मुरताहेत. कदाचित तुम्ही पाडलेल्या रिकाम्या जागाच भरल्या जात असतील. प्रयोगानंतर पावडर गाळून, वाळवून पुन्हा ईपीआरला लावा आणि तिचा रंग प्रयोगाआधीच्या नमुन्याशेजारी ठेवून बघा.