सरपंच अपात्र झाला, मग त्याच्या सहीच्या कागदाचं काय करायचं?

तिसरं मूल निघालं नाहीतर सरकारी जागेतलं अतिक्रमण निघालं, कलेक्टरनी सरपंचाला अपात्र केलं की गावात लगेच चर्चा सुरू, आता त्यानं सह्या केलेले ठराव, दाखले सगळे बाद! तसं नसतंय. खुर्ची खरी होती, म्हणजे पद कायद्यानं होतं, माणूस उघडपणे तिथं बसून कारभार बघत होता आणि लोकांनी त्याला सरपंच धरून कामं करून घेतली, मग त्याचा हक्क नंतर उडाला तरी कामं उडत नाहीत, याला कायद्यात डी फॅक्टो तत्त्व म्हणतात. गोकाराजू रंगराजू खटल्यात १९८१ ला सुप्रीम कोर्टानं जजांबद्दलच हे सांगितलं, नेमणूक गेली पण निकाल राहिले. २००१ ला जयललितांची मुख्यमंत्री म्हणून नेमणूक बेकायदा ठरली तेव्हाही मधल्या काळातली कामं तेवढ्या कारणानं रद्द धरू नयेत असं निकालातच आहे.

आता तुमचा कागद तपासा. आधी अपात्रतेच्या आदेशाची नक्कल काढा, पारावरच्या बातमीवर जाऊ नका. त्यावरची तारीख आणि तुमच्या कागदावरची तारीख शेजारी ठेवा, सही आदेशाच्या आधीची असेल तर बहुतेक निवांत. नंतरची असेल तर अपिलात स्टे मिळालेला का ते बघा, स्टे नसताना घरात बसून केलेल्या सहीला हे तत्त्व वाचवत नाही, आणि मागची तारीख टाकून सही घेणं म्हणजे सरळ फोर्जरीची केस.

दुसरं, आणि इथंच लोक फसतात, काम मुळातच नियमात बसत होतं का? ग्रामपंचायतीच्या अधिकारात होतं का, मासिक सभेला कोरम (लागतील तेवढे सदस्य हजर) होता का, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीला, ठराव चढलाय का? मुळात बेकायदा ठराव पात्र सरपंचानं केला तरी बेकायदाच की.

दूध संस्था, सेवा सोसायटी असेल तर (आपल्या कोल्हापुरात गल्लीला एक आहेच) महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ७७ बघा. पदाधिकारी अपात्र होता एवढ्यावरनं संस्थेचं प्रामाणिकपणे केलेलं काम रद्द होत नाही. 'प्रामाणिकपणे' हा शब्द मात्र महत्त्वाचा, स्वतःच्याच पोराला प्लॉट दिला असेल तर भांडण होणारच.

आणि तुम्हालाच सरपंच घालवायचा असेल तर घरफाळ्याच्या (घरपट्टीच्या) नोटिशीवर 'सरपंच अपात्र आहे' असं लिहून काही होत नाही, पदाला सरळ आव्हान द्यावं लागतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली कलेक्टरकडं अर्ज करा, निकाल विरोधात गेला तर अपिलाला पंधराच दिवस असतात, त्यामुळं नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.