स्वेटर-शाली पेटीत ठेवण्याआधी

होळी झाली की विदर्भात गरम कपड्यांचं काम संपतं, अन् घाईघाईत सगळं तसंच पेटीत कोंबलं जातं. तसं करू नका. लोकर खाते ती कसरीची अळी, अन् घामाचे, तेलाचे डाग असलेल्या लोकरीला ती आधी लागते. एकदाच घातलेली शालसुद्धा धुऊनच ठेवा. काखा, कॉलर, बाह्यांच्या कडा नीट पाहा.

आपलं ऊन कडक, त्याचा फायदा घ्या. पण रंगीत लोकर उलटी करून वाळवा, नाहीतर रंग उडतो. गोधड्या मात्र खुशाल दिवसभर तापू द्या. कपडे निवल्यावरच घड्या घाला, गरम गरम भरू नका.

प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा जुनं सुती लुगडं किंवा धोतर गुंडाळायला कितीतरी चांगलं. राहिलेली ओल त्यातून निघून जाते. सावलीत कडकडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडी बांधून ठेवतात, पण सगळी भिस्त त्यावर नको. खरं काम धुण्याचं अन् उन्हाचं. डांबरगोळ्या ठेवल्याच तर कागदात गुंडाळून, लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा.

पेटी जमिनीला टेकवू नका, खाली विटा द्या. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा सगळं उलथून पाहाच.