हे बिल नक्की कोणाचं?

घरून काम करणाऱ्या डिझायनरने खर्च कमी करायचा म्हटलं की सल्ले सुरू होतात ते चहा, पेट्रोल आणि एसीपासून. त्यातून फार काही हाती लागत नाही. त्याऐवजी गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट प्रिंट करा आणि दोन रंगांची पेनं घ्या. एखाद्या ठरावीक कामासाठी झालेला खर्च, म्हणजे स्टॉक फोटो, फॉन्टचं लायसन्स, कलर प्रूफ (छपाईआधी रंग तपासायचा नमुना), डमी (कामाची नमुना प्रत), कुरियर, हे सगळं लाल. काम असो वा नसो, जो होतोच तो निळा: सॉफ्टवेअर, इंटरनेट, सीएची फी. लाल खर्च कमी करत बसू नका. तो मुळात तुमचा नाहीच, क्लायंटचा आहे.

मी कोटेशनमध्ये डिझाइन फीच्या खाली सरळ लिहिते: ‘फोटो व फॉन्टचं लायसन्स प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, आपल्या नावावर. एक कलर प्रूफ फीमध्ये धरलेलं आहे. पुढच्या प्रत्येकाचे पैसे वेगळे.’ यावर कोणी भांडत नाही. मसाल्याच्या पाकिटावरचा फोटो पुढे अनेक वर्षं क्लायंटच वापरणार असतो, तेव्हा लायसन्स त्याच्याच नावावर असणं कायद्यानेही बरं.

छपाईचं बिलही प्रेसने थेट क्लायंटला द्यावं. पुण्यातले बरेच डिझायनर छपाईचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवतात, कारण मध्ये थोडं मार्जिन सुटतं. पण ती रक्कम तुमच्या उलाढालीत धरली जाते आणि सेवांसाठीची जीएसटीची २० लाखांची मर्यादा बघता बघता जवळ येते. मार्जिन हवंच असेल तर ‘छपाई देखरेख’ म्हणून वेगळी फी लावा. प्रेसच्या तीन फेऱ्या होतातच, त्या फुकट का?

आता निळा रंग. अडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन बहुतेकांकडे ‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ असं असतं. पहिले १४ दिवस उलटून गेल्यावर मध्येच बंद केलं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी स्वतःला विचारा, यातली किती अ‍ॅप्स खरंच उघडली? नुसतं इलस्ट्रेटरच वापरत असाल तर सगळा संच कशाला?

मोफत पर्याय आहेत. कॅनव्हाने २०२४ मध्ये अ‍ॅफिनिटी विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते मोफत केलं. चित्रं आखायचं इंकस्केप आणि पानं मांडायचं स्क्रायबस तर आधीपासूनच मोफत. पण मराठी काम करणाऱ्याने उडी मारण्याआधी एक ओळ टाइप करून बघावी: ‘वाऱ्यावर ट्रॅक्टर, शृंगार, ऑर्किड, क्षत्रिय’. पीडीएफ काढा, दुसऱ्या मशीनवर उघडा. रफार सरकला किंवा जोडाक्षर फुटलं तर तो फुकटचा माल महाग पडेल. इंकस्केप देवनागरी नीट जोडतं, पण चार रंगांच्या छपाईची फाइल स्क्रायबसमधून काढलेली बरी.

प्रेसवाले कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल मागतात म्हणून कोरल घेऊ नका. मजकूर कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर केलेली पीडीएफ चालते. तीच गोष्ट श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची.

देवनागरी फॉन्टवर तर आता पैसे न घालताही बरंच भागतं. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, शिवाय तिरो देवनागरी मराठी हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. लोगो, पाकीट, पुस्तक, कशालाही चालतात.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते मात्र प्रेसवर, आणि ते कॉम्प्युटरसमोर बसूनच वाचतात. काम सुरू करण्याआधी प्रेसला फोन करून कागदाचा शीट साइज विचारा. २३×३६ इंचाच्या शीटचा अर्धा म्हणजे १८×२३. त्यात साडेआठ बाय अकराची चार पानं बसतात. ए-फोरची बसत नाहीत, कारण दोन पानांची उंचीच २३.४ इंच होते. तेवढ्या अर्ध्या इंचापायी मोठा कागद घ्यावा लागतो आणि कडेची पट्टी रद्दीत जाते. क्लायंटने ‘ए-फोर’ म्हटलं म्हणजे त्याला फूटपट्टीने मोजून ए-फोरच हवं असतं असं नाही. विचारा.

दुसरं, प्लेट. रंगीत छपाईत चार रंगांच्या चार प्लेट असतात, त्यातली एक काळी. एका क्लिनिकच्या कोथरूड, हडपसर आणि औंध शाखांचं एकच पत्रक असेल, तर बदलणारा पत्ता फक्त शंभर टक्के काळ्यात ठेवा आणि ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापा. मग दर शाखेला फक्त काळी प्लेट बदलते, बाकी तीन तशाच राहतात. पत्ता रंगीत पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत टाकलात, की पट्टीच्या रंगाच्या सगळ्याच प्लेट नव्याने काढाव्या लागतात. मराठी-इंग्रजी आवृत्त्यांनाही हाच नियम. डिजिटल प्रूफही एका कामाचं एक असं काढू नका. १२×१८च्या शीटवर दोन-तीन कामांचे तुकडे एकत्र लावा आणि खर्च त्या-त्या क्लायंटकडे वाटून टाका.

कराचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनच्या आत भरा, उगाच व्याज नको. हिशेब ठेवून विवरणपत्र भरत असाल तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. तो त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच. म्हणजे नवा लॅपटॉप मार्चमध्ये घेण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये घेतलेला बरा. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत, म्हणजे मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरताना, यातलं काहीच वेगळं दाखवता येत नाही. तुमच्यासाठी कोणती पद्धत बरी, हे सीएला विचारा.

काही ठिकाणी कात्री लावू नका. मॉनिटर स्वस्तातला घेतला तर प्रूफांची संख्या वाढते. बॅकअपसाठी दोन हार्डडिस्क लागतात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात हवी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच, कारण देखभालीसाठी महावितरण लाइट घालवतं ते गुरुवारी, आणि क्लायंटला फाइल हवी असते तीही नेमकी गुरुवारी. खुर्चीबद्दल मी काही बोलत नाही, पाठच बोलेल. आणि प्रेसमधल्या ऑपरेटरला दिवाळीत मिठाईचा पुडा न्या. प्लेट काढण्याआधी फाइलमधली चूक दाखवणारा माणूस तोच असतो.