देव "द्वेष करतो" असं वचन समोर आलं की ते कसं वाचायचं

आमच्या घरगुती उपासनेत मागच्या पावसाळ्यात बायबलमधला मलाखी, जुन्या करारातल्या संदेष्ट्याचं पुस्तक, वाचायला घेतला आणि पहिल्याच अध्यायात अडकलो. देव म्हणतो मी याकोबावर प्रीती केली आणि त्याच्या जुळ्या भावाचा, एसावाचा, द्वेष केला. वाचणारी मुलगी तिथंच थांबली, आणि भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी, ज्या सहसा काही बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "पण त्या लेकरानं आईच्या पोटात असं काय केलं होतं?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, पाळकसाहेबांशी बसून बोललो, आणि आता अशी वचनं मी कशी वाचतो ते लिहितोय, कारण हा प्रश्न प्रत्येक मंडळीत कधी ना कधी येतोच आणि बहुतेक वेळा "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत" म्हणून विषय गुंडाळला जातो.

आधी शब्द धरा. मराठीत द्वेष म्हटलं की दात-ओठ खाणारा माणूस डोळ्यापुढे येतो. मूळ हिब्रू शब्द आहे साने, आणि त्याचा पसारा बराच मोठा आहे. उत्पत्ती २९ काढा. ३०व्या वचनात सरळ लिहिलंय की याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल, त्यांतल्या लेआपेक्षा राहेलीवर त्याचं जास्त प्रेम होतं, आणि लगेच ३१व्या वचनात लेआसाठी हाच शब्द येतो. म्हणजे लेआ नावडती. आजीच्या गोष्टीतली आवडती राणी आणि नावडती राणी, नावडतीचं मीठ अळणी, तीच ही नावडती. अनुवाद नावाच्या पुस्तकात २१व्या अध्यायात तर यावर कायदाच आहे: दोन बायका असल्या, एक आवडती एक नावडती, आणि थोरला मुलगा नावडतीचा असला, तर दुप्पट वाटा त्यालाच द्यायचा, आवडतीच्या पोराला पुढे करायचं नाही. आणि लेआचं पुढे काय झालं तेही बघा, नवऱ्याने बाजूला टाकलेल्या या बाईकडे देवाने पाहिलं, तिच्या पोटी यहूदा झाला, आणि दावीद आणि येशू त्याच वंशातले.

नव्या करारातही हीच बोलण्याची पद्धत दिसते. लूक १४:२६ मध्ये येशू म्हणतो आईबापाचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, आणि मत्तय १०:३७ मध्ये तीच गोष्ट "माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रीती करणारा" अशी येते. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचली की घोळ निम्मा सुटतो.

निम्माच सुटतो हं. कारण मलाखीत पुढे एसावाचे डोंगर ओसाड केल्याचं लिहिलंय, आणि ते नुसतं नावडणं नाही. इथे विचारायचं की हा एसाव कोण. मलाखीच्या काळात तो जुळा भाऊ मरून शेकडो वर्षं झाली होती, आता याकोब म्हणजे त्याच्यापासून झालेलं इस्राएल, आणि एसाव म्हणजे अदोम, मृत समुद्राच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं राष्ट्र. बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडलं तेव्हा हे भाऊबंद हसत उभे राहिले आणि पळून जाणाऱ्यांना वाटेवर अडवून धरून दिलं, असं ओबद्या संदेष्ट्याचं पुस्तक सांगतं (एकच अध्याय आहे, दहा मिनिटांत वाचून होतो, जरूर वाचा). तेव्हा मलाखीतला राग पोटातल्या बाळावरचा नाही, भावाच्या मरणावर टपून बसलेल्या राष्ट्रावरचा आहे. आणि त्याच देवाने अनुवाद २३:७ मध्ये इस्राएलाला बजावून ठेवलंय की अदोमी माणसाचा तिटकारा करू नका, तो तुमचा भाऊ आहे.

मावशींचा प्रश्न मात्र खरा प्रेषित पौलाच्या पत्रातला आहे. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात (रोम ९) तो म्हणतो की मुलं जन्मली नव्हती, बरं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली होती. यावर चर्चमध्ये शेकडो वर्षं वाद चाललाय. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन म्हणाला देवाने कोण तरणार आणि कोण नाही हे आधीच ठरवलंय, डच धर्मपंडित अर्मिनियसला मानणाऱ्यांनी ते नाकारलं, आणि १६१८-१९ ला हॉलंडमध्ये डॉर्टच्या सभेत त्यावर निकाल लावला गेला तो कॅल्विनच्या बाजूने. मला स्वतःला वाटतं की रोम ९ वाचून पुस्तक मिटणं ही मोठी चूक आहे. ९ ते ११ हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा, कारण पौल पोचतो ते ११:३२ वर, जिथे सर्वांवर दया करावी हा देवाचा हेतू सांगितलाय.

आता एक वाक्य जे आपण सगळेच सहज फेकतो, "देव पापाचा द्वेष करतो पण पाप्यावर प्रेम करतो". हे वाक्य बायबलमध्ये असं कुठेच नाही, त्याच्या जवळचं वाक्य संत ऑगस्टिनने एका मठातल्या बहिणींना लिहिलेल्या पत्रात सापडतं. चुकीचं नाहीये ते, पण त्याने सगळं झाकलं जात नाही. नीतिसूत्रे ६:१६-१९ बोट ठेवून वाचा. देवाला वीट आणणाऱ्या गोष्टी मोजल्यात: गर्विष्ठ डोळे, लबाड जीभ, निरपराध्याचं रक्त पाडणारे हात, वाईट बेत रचणारं मन, दुष्कर्माकडे धावणारे पाय. इथपर्यंत शरीराचे अवयव आहेत, आणि शेवटच्या दोन जागी अख्खा माणूस उभा केलाय, खोटी साक्ष देणारा आणि भावाभावांत भांडण लावणारा. स्तोत्र ५:५ पण सरळ माणसांबद्दलच बोलतं. ही वचनं गुळगुळीत करू नका. ज्या बाईचं घर खोट्या साक्षीमुळे गेलंय तिला "देव त्याच्यावर पण प्रेम करतो" एवढंच सांगितलं तर तिला वाटतं देवाला माझ्या दुःखाचं काहीच नाही.

मग हे प्रेमाशी जुळवायचं कसं, तर माझ्या मते होशेय संदेष्ट्याचं पुस्तक वाचून. ९:१५ मध्ये देव इस्राएलाबद्दल म्हणतो, गिलगाल या ठिकाणी मला त्यांचा द्वेष वाटू लागला, यापुढे प्रीती करणार नाही. पान उलटा, ११व्या अध्यायात तोच बोलतोय, एफ्राइमाला (म्हणजे इस्राएलालाच) चालायला मीच शिकवलं, हाताला मीच धरलं, आणि ८व्या वचनात, तुला मी कसा सोडू, माझं काळीज आतल्या आत उलटंपालटं होतंय. पोराने घर धुळीला मिळवल्यावर "तोंड दाखवू नको" म्हणणारी आई आणि रात्री त्याचं ताट झाकून ठेवणारी आई एकच असते ना, तसंच. हा अध्याय मनात न वाचता मोठ्याने वाचा, खूप फरक पडतो.

वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एसावाच्या जागी शेजाऱ्याचं, सुनेचं, दुसऱ्या धर्माच्या किंवा जातीच्या माणसाचं नाव घालायचं नाही, १ योहान ४:२० मध्ये, भावाचा द्वेष करून देवावर प्रीती करतो म्हणणारा लबाड आहे असं सांगून, ती वाट बंदच केलेली आहे. आणि कोणी रडत "देव माझाच द्वेष करतो" म्हणाला तर त्याला हिब्रू शिकवायला बसू नका, आधी चहा ठेवा, बोलू द्या, आणि कधीतरी नंतर लेआची गोष्ट काढा.

त्या मावशींकडे मी दोन आठवड्यांनी परत गेलो आणि आम्ही उत्पत्ती ३३ वाचला. भावाला फसवून पळालेला याकोब वीस वर्षांनी परत येतोय, घाबरलेला, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि दोघं रडतात, आणि याकोब त्याला म्हणतो तुझं तोंड पाहिलं ते देवाचं तोंड पाहिल्यासारखं वाटलं. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग वही पुढे केली आणि म्हणाल्या ३३:१० लिहून दे, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसेल असं.