मिक्स भंगार

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी २०१९ साली स्टोअर्सला लागले. पहिलीच खंडेनवमी. नाशिकच्या कारखान्यात ज्यानं काम केलंय त्याला तो आठवडा माहीत असतो: शॉप फ्लोअर धुऊन निघतो, मशिनला झेंडूच्या माळा चढतात आणि वर्षभर कपाटामागे, जिन्याखाली कोंबलेलं सगळं गेटजवळ येऊन पडतं. जुने सीपीयू, ढबे (काचेच्या पिक्चर ट्यूबचे) मॉनिटर, मेलेला यूपीएस, प्रिंटर, वायरींचे गुंते. नेहमीचा भंगारवाला आला, काटा झाला आणि मी गेटपासवर लिहिलं, ‘मिक्स भंगार’. सही माझीच.

पुढं काही महिन्यांनी आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचं, ऑडिट लागलं. ऑडिटरनं अकाउंट्सकडून ॲसेट रजिस्टर मागवलं आणि मला विचारलं, “यात अकरा सीपीयू राइट-ऑफ केलेत, म्हणजे हिशेबातून काढलेत. गेले कुठे?” मी गेटपास पुढे केला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. “मॅडम, मिक्स म्हणजे काय काय?”

मला सांगता येईना. एनसी, म्हणजे पद्धत पाळली नाही असा लेखी शेरा, मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याच्या शेडवर गेले. मागच्या मोकळ्या जागेत जमीन काळी पडलेली होती, तांब्यासाठी वायरी जाळतात तिथं. बाजूला एका मुलानं छिन्नी-हातोड्यानं ढबा मॉनिटर फोडायला घेतला होता. तोंडाला रुमाल, हातात काही नाही. त्या काचेत शिसं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. भिंतीला टेकवलेल्या एका सीपीयूवर आमच्या कंपनीचा पिवळा ॲसेट स्टिकर तसाच होता. हार्ड डिस्कची जागा रिकामी.

स्टोअर्स, ॲडमिन किंवा ईएचएसला (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा विभागाला) नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण ई-कचरा, म्हणजे विजेवर चालणारं जुनं सामान, बाहेर काढायचं काम बहुतेक वेळा ‘तूच बघ गं’ म्हणून सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं.

आधी ई-कचऱ्याचे नियम. सध्या चालू आहेत ते २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले. त्याआधी २०१६ चे होते. अजूनही मीटिंगमध्ये कुणी ना कुणी ‘वीसपेक्षा जास्त माणसं किंवा एक कोटीवर टर्नओव्हर असेल तरच बल्क कन्झ्युमर, म्हणजे मोठा वापरकर्ता’ असं ठोकून देतो. ते जुन्या नियमांतलं आहे. आता आर्थिक वर्षात कधीही यादीतली १००० किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरात असतील तर तुम्ही बल्क कन्झ्युमर. हजार ऐकून हसू नका. यादीत १०६ प्रकार आहेत. कॉम्प्युटर, फोन, राउटर, एसी तर आलेच, दिवेसुद्धा धरले जातात. आम्ही वही घेऊन फिरलो तेव्हा ‘आपल्याकडे फार तर दोनशे’ म्हणणारे साहेब गप्प झाले.

बल्क कन्झ्युमरवरची जबाबदारी म्हणाल तर जेमतेम एका वाक्याची: आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (दुरुस्त करून परत वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यायचा. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. तरीही एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमधल्या, म्हणजे कारखाना चालवायच्या संमतीपत्रातल्या, अटी एकदा नीट वाचा, ई-कचऱ्याची ओळ तिथंही सापडू शकते.

खरी मेहनत त्या एका वाक्यातल्या ‘नोंदणीकृत’ या शब्दावर आहे. फोन करा, कुणीही सर्टिफिकेटची झेरॉक्स व्हॉट्सॲपवर टाकतो. माझ्याकडे एकदा आलेल्या झेरॉक्सवर नाव एका कंपनीचं, गाडी दुसऱ्याची आणि बिल तिसऱ्याच्या नावावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ते नाव स्वतः शोधा. पत्ता, मुदत आणि कुठल्या प्रकारच्या मालासाठी नोंदणी आहे तेही बघा. फक्त आयटीचा माल घेणाऱ्याला ट्यूबलाइट देऊन उपयोग नाही. २०१६ च्या नियमांत डिस्मँटलर (माल नुसता सुटा करणारा) नावाचा वेगळा गडी होता, २०२२ मध्ये त्याची वेगळी नोंदणी राहिली नाही, त्यामुळे ते जुनं कागदपत्र कुणी दाखवलं तर परत करा. शंका आली तर त्र्यंबक रोडवर उद्योग भवनात एमपीसीबीचं ऑफिस आहे, तिथं जाऊन विचारा. मी जाऊन आलेय, कुणी खात नाही.

आता आमच्याकडची पद्धत. कोपऱ्यातली एक छोटी खोली, तिला कुलूप, आणि एक रजिस्टर. प्रत्येक नगाला ओळ: तारीख, विभाग, मेक, सीरियल नंबर, ॲसेट नंबर, वजन. गाडी येते तेव्हा हीच यादी गेटपासला जोडायची आणि रिसायकलरच्या पोचपावतीतला प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून बघायचा. माल पुढे जाळला की नीट रिसायकल झाला, हे तुम्ही कधी डोळ्यांनी बघणार नाही. तुमच्या हातात उरतो तो हाच कागद. पावतीत ‘मिक्स’ दिसलं तर मी सही करत नाही. पावसाळ्याआधी खोलीचा पत्रा मात्र बघून घ्या, एका जुलैत आमचे अर्धे स्टिकर भिजून सुटले होते.

हार्ड डिस्क आयटीवाले ‘फॉरमॅट केलीय’ म्हणून देतात. नुसत्या क्विक फॉरमॅटनं पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. आम्ही डिस्क काढून टूल रूमच्या ड्रिलखाली धरतो, तीन भोकं, आणि फोटो रजिस्टरला. आमच्या त्या गायब डिस्कवर पगारपत्रकं होती, हे मला फार उशिरा कळलं.

यूपीएसच्या बॅटऱ्या यात घालू नका. त्यांचे नियम वेगळे आहेत, तेही २०२२ चेच. नवीन घेताना डीलरलाच जुन्या परत द्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा, घोळ नेहमी होतो. मोठी, जागेवर बसवलेली औद्योगिक यंत्रं यादीतून वगळली आहेत, म्हणून अख्खं मशीन ई-कचऱ्यात मोडत नाही. पण त्यातून काढलेली कार्डं आणि ड्राइव्ह? मी ती खोलीतच ठेवते. मेंटेनन्सवाले कुरकुरतात, कारण तांबं दिसलं की त्यांना रोख दिसते.

रोखीचा मुद्दा टाळता येत नाही. भंगारवाला नेहमी जास्त भाव देतो, कारण त्याला धूर, ॲसिड आणि त्या मुलाचे हात यांचा खर्च लावावा लागत नाही. साहेबांना हे पर्यावरणाच्या भाषेत सांगून काही झालं नाही. शेवटी तो पिवळ्या स्टिकरचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “सर, उद्या तिथं आग लागली तर पंचनाम्यात आपलं नाव येईल.” त्यानंतर भावाची चर्चा बंद झाली.

लहान युनिटची खरी अडचण अशी, की ऐंशी किलोसाठी कुणी गाडी पाठवत नाही. आम्ही शेजारच्या दोन युनिटना धरून वर्षातून दोनदा एकच तारीख ठरवतो, एक दसऱ्याच्या आधीची. गाडी एक असते, पण काटा तीनदा होतो आणि बिलं तीन निघतात.